बारावा पंचा

2025 साली झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आला. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपली, माणसं हातात शिंदीच्या फांद्या घेऊन आपापल्या घरी गेली आणि मी व नव्यानं बदलून आलेल्या सिस्टर वेदीमागच्या खोलीतली पेटी उघडून बसलो. पवित्र आठवड्याचं सगळं सामान त्या पत्र्याच्या पेटीत असतं. मूर्ती झाकायची जांभळी कापडं, गुरुवारपासून घंटा मुकी होते म्हणून वाजवायचा लाकडी खटका, पितळेचं घंगाळ, तांब्या आणि पाय पुसायचे बारा पंचे. पंचे आठवडी बाजारातले, साधे सुती, लाल काठाचे. सिस्टर एकेक झटकून नव्यानं घडी घालत होत्या. शेवटच्या पंच्याशी त्या थांबल्या. त्याच्या एका कोपऱ्यात चार बोटं रुंदीचा फिकट गुलाबी डाग होता. "हा फारच डागाळलाय. फरशी पुसायला काढू का? नवा आणता येईल," त्या म्हणाल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण माझ्या तोंडून "नको!" इतक्या जोरात निघालं की बाहेर अंगण झाडणारी पोरगी खराटा घेऊन दारात येऊन उभी राहिली. मग मीच ओशाळून म्हटलं, "राहू द्या. धुऊन बघते."

नऊ वर्षं तो पंचा मीच धुतेय.

त्या रात्री झोप लागेना. डागाचं कारण सिस्टरांना सांगायला हरकत काहीच नव्हती. पण डागाचं सांगायचं तर आजीचं सांगावं लागलं असतं, आणि आजीचं सांगायचं तर माझंही. त्या दिवशी मी तिला जे बोलले ते आजवर कुणाजवळ बोललेले नाही, कन्फेशनलासुद्धा नाही. तसं ते पाप आहे का, तेही मला ठरवता आलेलं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत दबक्या आवाजात दटावणं, हे कितीजणांच्या हातून होतं. तरी तेवढंच एक वाक्य दर वर्षी उपवासाचे चाळीस दिवस सुरू झाले की माझ्या कानात परत येतं.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ईस्टर कधी येणार हे ती नवं कालनिर्णय भिंतीवर चढायच्या आत सांगायची. फक्त बाबांना एक प्रश्न विचारायची, "औंदा होळीची पुनव का हनुमंताची?" मार्चची एकवीस तारीख हा तिचा खुंटा. त्या दिवशी किंवा त्याच्यापुढं जी पहिली पुनव येईल, तिच्यानंतरचा आइतवार म्हणजे ईस्टर. होळी एकवीसच्या आत येऊन गेली असेल तर मामला हनुमान जयंतीच्या पुनवेवर जायचा. मोठेपणी हाच नियम मी पुस्तकात वाचला. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या मध्येच येतो, हेही वाचलं. पण आजीनं हे सगळं कुठल्याशा जुन्या फादरांकडून ऐकून आमच्या गंगथडीच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, भाषेत बसवून घेतलं होतं. नाताळची तारीख हलत नाही म्हणून नाताळचं तिला फार कौतुक नव्हतं. "त्यो सरकारी सण हाये," म्हणायची. ईस्टर मात्र चंद्रावर चालणारा, आपल्या सणांसारखा मागंपुढं होणारा. म्हणून तो तिला जवळचा वाटायचा. एकदा लहानपणी मी तिला विचारलं होतं, की येशूचा सण आणि मारुतीचा सण एकाच पुनवेला कसा. ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "चांद काय दोन उगवतेत का?"

नाताळ आमच्याकडं थंडीचा आणि हुरड्याचा. दिवाळीतला आकाशकंदील माळ्यावरून खाली यायचा, कागद फाटला असेल तर खळ लावून चिकटवला जायचा. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, सगळं दिवाळीचंच. अंगणात गव्हाणीसाठी खरा कडबा, आणि त्या कडब्याला तोंड लावायला शेजारची खरी शेळी. पण आमच्या धर्मग्रामातली निम्मी घरं नाताळात कुलूपबंद असत. दसरा झाला की टोळ्या मुकादमाच्या ट्रकमधून ऊसतोडीला जात, उचल आधीच घेतलेली असे, आणि बाळ येशूचा जन्म त्यांच्यासाठी कुठल्या तरी कारखान्याच्या माळावर पाचटाच्या कोपीत व्हायचा. फादर मोटारसायकलवरून तिकडं जाऊन एखाद्या कोपीपुढं मिस्सा करून येत. गव्हाणीत जन्मलेल्या बाळाची गोष्ट त्या माणसांना समजावून सांगावी लागत नसे, असं ते आल्यावर सांगायचे. पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, बिऱ्हाडं परतली, की मग चर्च भरायचं, आणि तोवर भस्माचा बुधवार, उपवासाच्या चाळीस दिवसांचा पहिला दिवस, उलटून गेलेला असायचा. आमच्या भागात सगळं गाव एकत्र येऊन साजरा करतं तो सण ईस्टर, आणि त्याच्या आधीचा तो लांबलचक, उन्हाचा, उपासाचा आठवडा. कुणी मला ख्रिस्ती लोकांचा मोठा सण कोणता असं विचारून लगेच स्वतःच "नाताळ ना?" म्हणतं, तेव्हा मी हो म्हणते. पण माझ्या डोळ्यांपुढं चांदणी येत नाही, तापलेल्या पत्र्याखालचं चर्च येतं.

ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचा सण. तो 10 मेपासून जूनच्या मध्यापर्यंत कुठंही येतो, आणि तेव्हा गावात सगळ्यांचेच डोळे मृगाकडं लागलेले असतात. जोराचा वारा सुटल्यासारखा आवाज झाला, असं वाचन सुरू झालं की माणसं खिडकीबाहेर बघतात. मग पुढं महिनोन् महिने साधा काळ. त्या काळात फादरचा झगा हिरवा असतो. रानात बाजरी, कापूस, तूर उभी, आणि वेदीवरही हिरवं. लहानपणी मला वाटायचं की फादर पीक बघूनच झगा निवडतात. 2015 सालच्या पावसाळ्यात मात्र सलग दुसऱ्या वर्षी आभाळ कोरडं गेलं. पेरलेलं उगवलं, वीतभर आलं आणि करपलं. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला गेलो तेव्हा वाटेत दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं होती. परत आल्यावर रविवारी फादर हिरव्या झग्यात वेदीशी उभे राहिले, आणि आजी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "गावात एवढं एकच हिरवं ऱ्हायलंय बघ."

त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची ही गोष्ट.

2016चा भस्माचा बुधवार 10 फेब्रुवारीला आला. आदल्या वर्षीच्या झावळ्या घरोघरी येशूच्या फोटोमागं, पत्र्याच्या वाशात खोचलेल्या असतात. त्या वाळून कडकडीत झालेल्या गोळा करायच्या, जाळायच्या आणि ती राख कपाळावर घ्यायची. शिंदीची राख मऊ असते, जरा निळसर. जी फांदी हातात धरून होसन्ना म्हटलं, तीच वर्षानं राख होऊन कपाळावर बसते. मला हा फिरता हिशोब लहानपणापासून आवडतो. मग दर शुक्रवारी क्रुसाची वाट, येशू क्रूस घेऊन चालला त्या वाटेची प्रार्थना. चौदा ठिकाणं, चौदा वेळा गुडघे टेकायचे. आजीचे गुडघे गेले होते, तरी सहावं ठिकाण तिचंच. वेरोनिका नावाची बाई गर्दीतून पुढं होते आणि येशूचं घामानं-रक्तानं भरलेलं तोंड आपल्या कापडानं पुसते, ते ठिकाण. त्याची प्रार्थना आजी पाठ म्हणायची आणि शेवटी दर वेळी पदरानं स्वतःचं तोंड पुसायची. ते तिच्या लक्षातही नसायचं.

मार्च उजाडेपर्यंत पाण्याची दशा झाली होती. नाथसागर, पैठणचं धरण, मृतसाठ्यावर गेला होता, गंगेचं पात्र उघडं पडलं होतं, आणि धरणात बुडालेल्या जुन्या गावांचे ओटे ऊन खात होते. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, एप्रिलात तिथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आमच्याकडं टँकर येई, एक दिवसाआड, कधी दोन दिवसांनी. टँकरच्या पाण्याला डिझेलचा आणि गंजाचा वास असायचा. घरात माणशी दोन घागरी. आजी आंघोळीचं पाणी परातीत बसून घ्यायची, त्यात कपडे भिजवायची आणि उरलेलं तगरीला घालायची.

त्या वर्षी झावळ्यांचा रविवार 20 मार्चला होता. 20 मार्च म्हणजे चवदार तळ्याचा दिवस. 1927 साली त्याच तारखेला बाबासाहेबांनी महाडला ओंजळभर पाणी उचललं. आमच्या घरात या तारखेला मान आहे, कारण आमचं घर दोन वाटांनी गेलेलं आहे. आजीच्या बापानं फादरांच्या शाळेमुळं बाप्तिस्मा घेतला, आणि 1956 नंतर आजीच्या सख्ख्या भावानं बाबासाहेबांमागोमाग धम्म घेतला. आजीच्या भिंतीवर मतमाउलीच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो होता आणि दोघांपुढं एकच मेणबत्ती. भावाच्या नातवंडांना 1990 नंतर अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, ख्रिस्ती म्हणून आम्हाला नाही. आम्ही कागदोपत्री वेगळे पडलो. त्यावरून घरात शब्दाला शब्द लागले, काही वर्षं अबोलाही राहिला. आजीनं त्यात कधी बाजू घेतली नाही. त्या रविवारी भावाचा नातू निळा फेटा बांधून कार्यक्रमाला निघाला होता, तो वाटेत आजीच्या पाया पडायला आला. तिनं हातातली शिंदीची फांदी मोडून अर्धी त्याला दिली. त्यानं ती खिशाला लावली आणि तसाच गेला.

त्याच दिवशी फादरांनी मिस्सेनंतर बारा जणांची नावं वाचली. पवित्र गुरुवारी शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूनं पेत्राचे आणि बाकीच्या शिष्यांचे धुतले तसे. आमच्याकडं त्याला पाय धुण्याचा गुरुवारच म्हणतात. आजवर ते बारा पुरुषच असायचे, नियमच तसा होता. जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी तो नियम बदलला आणि बायकांचेही पाय धुता येतील असं ठरवलं. ही बातमी आम्ही ऐकली होती, पण ती रोमची बातमी वाटली होती. फादरांनी आठ पुरुष वाचले आणि नंतर चार बायका. चौथी आजी. बायकांच्या बाजूला कुजबुज उठली. आजीनं मला कोपरानं ढोसलं, "मपलं नाव घेतलं का गं?" मी हो म्हटलं. तिनं पदर डोक्यावरून जरा पुढं ओढला आणि घरी जाईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

गुरुवारी, 24 मार्चला, धुळवड होती. दुष्काळामुळं कोरडीच खेळा असं सगळीकडून सांगणं चाललं होतं, आणि गावानं ते बऱ्यापैकी पाळलंही. पाणी नव्हतंच. पोरं नुसता रंग फासत होती. दुपारी शेजारच्या पाटलांची नात आली, नववीतली, गालांवर रंगाची बोटं उठलेली. आजी उंबऱ्याशी बसली होती. पोरगी वाकली, मुठीतला गुलाबी रंग आजीच्या दोन्ही पावलांवर ठेवला, पाया पडली आणि पळाली. थोरामोठ्यांना रंग पायांवर लावायचा असतो, तसा. आजी त्या पायांकडं बघत राहिली. मग तिची धांदल सुरू झाली. संध्याकाळी चर्चमध्ये फादरपुढं हे पाय घेऊन कसं जायचं? पाणी मागायची सोय नव्हती, घागरीत तळाशी होतं ते रात्रीच्या भाकरीला. तिनं फडकं घेतलं आणि कोरडंच घासलं. रंग गेला नाही, पसरला. भेगांमध्ये तर आणखीच बसला. आजीच्या टाचांना भेगा होत्या, करंगळी शिरेल एवढ्या. अंगठ्याच्या नखाखाली कायमची काळी माती. सबंध आयुष्य ती चप्पल घालून चालली असेल ते फक्त चर्चला आणि बाजाराला.

चर्चमध्ये उकाडा असह्य होता. वेदीपुढं बारा खुर्च्या मांडलेल्या, आजी शेवटून पहिली. तिच्या मागं आधाराला मी उभी होते, कारण तिला खुर्चीतून उठता येत नसे. फादरांनी वरचा झगा काढून ठेवला, कमरेला कापड बांधलं आणि गुडघ्यांवर बसले. त्यांच्याबरोबर दोन पोरं, एकाच्या हातात घंगाळ, एकाच्या हातात पंचे. एकच तांब्या पाणी होतं बाराजणांना. फादर तांब्या असा धरत होते की पाण्याची दोऱ्याएवढी धार पडायची. दर पावलावर एक ओंजळभर, त्याहून कमी. मग पंच्यानं पुसायचं आणि ओणवं होऊन पावलाला ओठ लावायचे. अकरा झाले. फादर गुडघ्यांवरच सरकत आजीपुढं आले, त्यांनी हात पुढं केला, आणि आजीनं पाय मागं घेतला.

खुर्चीखाली, आणखी मागं, लुगड्यात.

फादर थांबले. चर्चमध्ये गाणं चालू होतं ते पुढच्या रांगेत विस्कटलं. मला वाटलं सगळे बघतायत. शहरातून आलेले पाहुणे होते, माझ्या शाळेतली एक सहकारी पहिल्यांदाच बघायला आली होती, आणि मी तिला दोन दिवस हे किती सुंदर असतं ते सांगत होते. मी वाकून आजीच्या कानात म्हणाले, "पाय पुढं कर. अब्रू घालवू नको आमची."

हे ते वाक्य.

फादर मात्र हसले. हळूच म्हणाले, "आजी, पेत्रसुद्धा असाच नको म्हणाला होता." आजीनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं नाही, समोर क्रुसाकडं बघितलं आणि उजवा पाय पुढं केला. पाणी पडलं. घंगाळात गुलाबी धार उतरली. फादरांनी पुसलं, पंच्याचा कोपरा गुलाबी झाला, आणि त्यांनी वाकून त्या भेगाळ टाचेला ओठ लावले. वर आले तेव्हा त्यांच्या ओठांना बारीकसा रंग लागलेला होता. तो त्यांना कळला नसावा. पुढची सबंध मिस्सा त्यांनी तशीच केली.

घरी परतताना मी तिला काही विचारलं नाही. माझ्या मनात मी कारण ठरवून टाकलं होतं: रंगाचे पाय, पंचा खराब होईल म्हणून लाजली. नंतर वाटलं, नाही, पाणी बघून मागं आली असेल, एवढ्या टंचाईत पायावर पाणी कसं ओतून घ्यायचं म्हणून. कारण मिस्सा झाल्यावर तिनं सिस्टरांना थांबवून विचारलं होतं, "ह्या पाण्याचं काय करणार?" आणि ते घंगाळातलं गुलाबी, गढूळ, तांब्याभरसुद्धा नसलेलं पाणी मागून घेतलं होतं. ते मी डब्यात घेऊन तिच्यामागं चालले होते. दारात आल्यावर तिनं डबा माझ्या हातातून घेतला आणि तगरीच्या बुंध्याशी हळूहळू ओतला. मग उंबऱ्यावर बसली. पुनव कालचीच होती, त्यामुळं उजेड भरपूर होता. होळीची राख कोपऱ्याकोपऱ्यावर अजून पडलेली. दूरवर टाळ वाजत होते. नाथषष्ठी जवळ आली होती, पैठणच्या वाटेवरची कुठलीशी दिंडी मुक्कामाला असणार.

मी म्हटलं, "आज्जे, पाय काहून मागं घेतला?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली ते तिच्या शब्दांत जसंच्या तसं मला आठवतं. "रझाकाराच्या आधीची गोठ. आडावर आमाला शिवू देत नव्हते. घागर खाली ठिवायची अन् लांब बसायचं. कुन्या बाईला दया आली तर ती वरून पानी घालायची. तान लागली तर वंजळ धरायची, तिनं वरून सोडायचं. अंगावर सांडायचं, तोंडात कमी जायचं. मपली माय म्हनायची, वर बघू नको, खाली बघून पी." थांबली. "आज बी पानी वरूनच आलं. पर घालनारा खाली बसला व्हता. मला कळंना कुठं बघावं."

एवढंच. मग तिनं तिच्या जुन्या गोष्टींमधली एक काढली, नाथांची. गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं लेकरू नाथांनी कडेवर उचलून आणलं ती. कीर्तनात लांबून ऐकलेली. ती गोष्ट सांगता सांगता तिला डुलकी लागली. मी तिच्या पायांशी बसले होते. चांदण्यात पावलांवरचा रंग दिसत नव्हता, पण भेगांमधून अजून ओलसर गारवा येत होता. मी हात लावून बघितला. आणि अब्रूचं ते वाक्य मला तिथं, त्या उंबऱ्यावर, पहिल्यांदा स्वतःला ऐकू आलं. तिची माफी मागायला हवी होती. ती झोपली होती. सकाळी शुक्रवारची गडबड होती, दुपारी बारा ते तीन उन्हात क्रुसाची वाट, क्रुसावरून येशू बोलला ती सातही वचनं ओळीनं. "मला तहान लागली आहे" हे पाचवं आलं तेव्हा चर्चमध्ये कुणी हललं नाही. मग शनिवारची रात्र, अंगणात पेटवलेला नवा अग्नी, पास्काची मेणबत्ती, आणि नव्या पाण्याला आशीर्वाद. ते पाणी टँकरचं होतं, गंजाच्या वासाचं. फादरांनी मेणबत्ती त्या पाण्यात बुडवली आणि मग सगळ्यांवर शिंपडलं, सढळ हातानं, गुरुवारी राखलेलं सगळं एकदम. आजीनं तोंड वर केलं होतं. डोळे मिटून, वर.

माफी राहून गेली ती गेलीच. पुढची तीन वर्षं ती होती, आणि तीन वर्षांत एक वाक्य बोलायला वेळ मिळत नाही असं नसतं. तिला ते ऐकूही आलं नसेल, गाणं चाललेलं होतं, अशी मी समजूत घालते. पण तिला ऐकू छान यायचं.

ती गेल्यावर 2022 साली पाय धुण्याचा गुरुवार नेमका 14 एप्रिलला आला. चर्चमध्ये घंगाळ मांडलेलं आणि बाहेरून जयंतीची मिरवणूक चाललेली, ढोल-ताशानं पत्रे थरथरत होते. फादरांचं बोलणं कुणाला ऐकू येईना. भावाचा तो नातू मिरवणुकीतून बाजूला होऊन चर्चच्या दारात आला, चपला काढून मागच्या भिंतीशी उभा राहिला आणि बारावा पाय पुसून होईपर्यंत थांबला. त्याच्या शर्टाला निळा गुलाल होता. जाताना मला म्हणाला, "आजी पाहिजे होती." मी मान हलवली. मला त्यालाही सांगता आलं असतं तेव्हा.

2025च्या त्या गुरुवारी मी पंच्यांची थप्पी स्वतः लावली. डागाचा सगळ्यात खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर रोमच्या बातम्या बघितल्या. पोप फ्रान्सिस आजारातून उठलेले, तरी गुरुवारी तिथल्या तुरुंगात कैद्यांना भेटून आले. एरवी ते अशाच ठिकाणी जाऊन पाय धुवायचे. त्या वर्षी शरीर साथ देईना, नुसते भेटले. सोमवारी ते गेल्याची बातमी आली तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती आजीची टाच. ते इतक्या लांबचे, आणि त्यांना आमच्या गावाचं नावही ठाऊक असायचं कारण नाही.

त्या गुरुवारी आमच्याकडं बारावे होते एक काका, पट्टा पडून महिन्यापूर्वी परतलेले. कोयत्यानं कधीतरी पिंढरीवर वार बसलेला, त्याचा व्रण नडगीपर्यंत आलेला. नवे फादर गुडघ्यांवर सरकत त्यांच्यापर्यंत आले. पोरानं शेवटचा पंचा उलगडून हातात दिला. पाणी त्या वर्षी पुरेसं होतं, धार जाड पडली, घंगाळाबाहेर सांडली. काकांनी दोन्ही हातांनी खुर्चीची बाजू घट्ट धरली होती आणि ते छताकडं बघत होते. सिस्टर माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं झुकले आणि म्हटलं, "तो डाग माझ्या आजीच्या पायांचा आहे. मिस्सा झाली की सांगते तुम्हाला."

मिस्सेनंतर पायरीवर बसून सांगितलं, माझ्या वाक्यासकट. सिस्टर काही बोलल्या नाहीत. शनिवारी सकाळी त्या स्वतःच बादली घेऊन आल्या. आम्ही दोघींनी बाराही पंचे नळाखाली धुतले, पिळले आणि चर्चमागच्या तारेवर टाकले. बारावा त्यांनी पिळला. उन्हात तो झटकताना कोपरा उजेडाला धरून बघितला आणि डाग आत जाणार नाही असा, बाहेरच्या बाजूनं, वाळत घातला.